सव्वातीन वर्षाचं लेकरू अन् न घेतलेला टॅब

परभणी जिल्ह्यातल्या सेलूत माझं मोबाईलचं दुकान आहे, विक्री अन् रिपेरिंग दोन्ही. जानेवारीत, संक्रांत होऊन चार-पाच दिवस झाले असतील, आमचे गुरुजी दुकानात आले. मला चौथीत त्यांनीच शिकवलेलं, आता रिटायर होऊन सहा वर्षं झाली, गाव दुधनेच्या काठाला, इथून दहा-बारा किलोमीटर. बसले, पाणी पिले अन् म्हणले, "बाबा, एक चांगला टॅब दे, नातवाला पाहिजे. बारा-पंधरा हजारापर्यंत चालंल." नातू केवढा आहे विचारलं तर सव्वातीन वर्षाचा.

मी सवयीनं तीन टॅब काढून काउंटरवर ठेवले. गुरुजी एक हातात घेऊन वजन बघायले तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. घरून काकू, त्यांच्याकडं साधा बटनाचा फोन आहे. आवाज एवढा मोठा की मला पण ऐकू आलं, "लवकर या, लेकरू जेवंना, मोबाईल पाहिजे म्हणून रडायलंय." म्हणजे गुरुजींचा फोन सेलूत आला की तिकडं लेकराचं जेवण अडलं. मी टॅब बाजूला सारले अन् म्हणलं, गुरुजी आज काही घेऊ नका, आधी तुमचा फोन बघू द्या.

हे सगळं मी लिहून काढायलो कारण दुकानात महिन्याला चार-पाच आजी-आजोबा नाहीतर नवे आई-बाप हाच प्रश्न घेऊन येतात अन् मी इतकी वर्षं नुसतं रॅम किती, बॅटरी किती, स्क्रीन केवढा एवढंच बोलत आलो. या घरासोबत पहिल्यांदा शेवटपर्यंत गेलो, पाच महिने. गुरुजींना अन् त्यांच्या सूनबाईंना, म्हणजे आमच्या वहिनींना, विचारूनच लिहितोय, नावं कुणाचीच देत नाही.

घर असं. गुरुजी, काकू, सूनबाई अन् हा नातू गावात राहतात. मुलगा वाळूजला कंपनीत, शनिवारी रात्री येतो अन् सोमवारी पहाटे निघतो. वहिनी सेलूत एका पतसंस्थेत आहेत, सकाळी साडेनऊला घर सोडतात अन् यायला सात वाजतात. दिवसभर लेकरू दोन म्हाताऱ्या माणसांपाशी. काकूंचे गुडघे गेलेले, लेकरू पळालं की मागं पळता येत नाही. गावात अंगणवाडी आहे पण पाठवत नव्हते, जूनमधे सेलूतल्या इंग्रजी नर्सरीत टाकायचं ठरलेलं, मग चार महिन्यासाठी कशाला असं घरात सगळ्यांना वाटायचं.

फोनमधे डिजिटल वेलबीइंग उघडलं. फोनवर काय किती वेळ चाललं ते तिथं दिसतं. सेटिंगमधेच असतं, बहुतेक लोक तिथं कधी जात नाहीत. आदल्या दिवशीचं यूट्यूब ४ तास १० मिनिटं. आठवड्याचे बार बघितले तर एकही दिवस तीन तासाच्या खाली नाही. गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणले, "मला तर तासभर बघतो असं वाटायचं." त्यांची चूक नाही, दहा मिनिटं-पंधरा मिनिटं करत करत दिलेला वेळ कुणाच्याच लक्षात राहत नाही.

मग हिस्ट्री बघितली. सकाळी नऊच्या सुमाराला इंग्रजी बालगीतांनी सुरू झालेलं, तासाभरात खेळण्यांची खोकी उघडून दाखवायचे व्हिडिओ, त्याच्या पुढं मोठी माणसं एकमेकांना घाबरवायलेत तसले प्रँक, अन् शेवटी नुसते शॉर्ट्स एकामागं एक. यातलं एकही घरातल्या कुणी लावलेलं नव्हतं, पहिलं गाणं तेवढं काकूंनी लावलेलं, पुढचं सगळं आपोआप. अन् हे चाललेलं त्याच फोनवर ज्यात गुरुजींच्या पेन्शनचे मेसेज, बँकेचं अ‍ॅप, यूपीआय सगळं उघडं. त्याच दिवशी पेमेंटच्या अ‍ॅपला लॉक घातलं अन् प्ले स्टोअरला खरेदीसाठी पासवर्ड.

आकडे पण सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मधे पाच वर्षांखालच्या लेकरांसाठी जे ठरवून दिलंय त्यात एक वर्षापर्यंत स्क्रीन अजिबात नाही, एक वर्षाच्या लेकराला पण नको, अन् दोन ते चार वर्षांच्या लेकरांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असंल तर अजून बरं. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं पण तसंच आहे, दोन वर्षांच्या आत फक्त नातेवाईकांशी व्हिडिओ कॉल, दोन ते पाचला मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली एक तासाच्या आत. गुरुजींनी ऐकून घेतलं. पण नुसता आकडा घेऊन घरी गेले असते तर दुसऱ्या दिवशी परत तेच झालं असतं, हे मला रविवारी त्यांच्या घरी गेल्यावर कळलं.

काकू भाकरी करायल्या होत्या. मी तासाभराचं बोललो तर हात न थांबवता म्हणल्या, "आरं बाबा, तवा तापलेला असतोय, हे लेकरू चुलीपशी येतंय, माझ्यानं उठून धरणं होत नाही. सकाळी पंधरा भाकरी असतात. तूच सांग ह्याला कुठं ठेवू?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. अन् हा प्रश्न टॅब घेतल्यानं पण सुटत नव्हता अन् मोबाईल बंद केल्यानं पण सुटत नव्हता.

गुरुजी म्हणजे आयुष्यभर हजेरीपट लिहिलेला माणूस, त्यांना म्हणलं पाच दिवस एक वही करा. वेळ किती, तेव्हा घरात कोण काय करत होतं, फोन कुणी दिला, अन् बंद कसा झाला. शेवटचा रकाना मी सहज सांगितला होता पण खरं काम त्यानंच केलं. पाच दिवसांत २७ नोंदी निघाल्या अन् त्यातल्या १९ ठिकाणी "बॅटरी संपली" नाहीतर "हिसकून घेतला, रडला" असं होतं. म्हणजे व्हिडिओ संपला म्हणून बंद झाला असं जवळपास कधी घडतच नव्हतं, कारण तो संपतच नाही. आपण लहानपणी रविवारी टीव्हीवर जे बघायचो ते अर्ध्या तासानं संपायचं, मग उठून बाहेर पळायचो, थांबायला कुणी सांगावं लागायचं नाही. या लेकराला थांबायची जागाच कुणी दाखवली नव्हती.

वहीतून दुसरी गोष्ट निघाली ती अशी की फोन दिवसात चारच कारणांसाठी दिला जायचा. सकाळी भाकरीच्या वेळेला, जेवताना, दुपारी एक ते तीन गुरुजी-काकू आडवे होतात तेव्हा, अन् संध्याकाळी सहाच्या पुढं, जेव्हा लेकरू आईची वाट बघून किरकिर करतं. चारही ठिकाणी गरज वेगळी होती. सकाळी लेकरू एका जागी सुरक्षित बसणं, जेवताना पोटात चार घास जाणं, दुपारी म्हाताऱ्या माणसांना आराम, अन् संध्याकाळी चक्क आईची आठवण. चारही गरजा खऱ्या अन् सगळ्यांवर औषध मात्र एकच दिलेलं. मग आम्ही ठरवलं की "लेकराला काय दाखवायचं" हे नंतर बघू, आधी एकेका वेळेचं बघू.

गुरुजींच्या डोक्यातून टॅब अजून गेला नव्हता, अन् त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. स्क्रीन मोठा म्हणजे डोळ्याला बरं, एवढं खरं. पण सव्वातीन वर्षाच्या लेकराचा हात केवढा, ते टॅब मांडीवर घेऊन त्याच्यावर वाकतंच, डोळ्यापासून वीतभर. शिवाय टॅब खाटेवर जातो, गोधडीत जातो, संडासाला पण जातो, अन् तोंड खाली घालून बघणाऱ्या लेकराच्या स्क्रीनवर काय चाललंय हे खोलीतल्या दुसऱ्या कुणालाच दिसत नाही. सात-आठ हजाराचे "किड्स टॅब" म्हणून जे येतात, रबरी कव्हरचे, ते मी आता स्वतःहून दाखवत नाही. बहुतेकात रॅम कमी, अँड्रॉइड जुनं, सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, वर्षभरात अडकायला लागतात अन् लेकरू चिडतं. टॅब घ्यायचाच झाला तर पुढं पाच-सहा वर्षाचा झाल्यावर, बिनसिमचा, फक्त वायफायवर चालणारा, म्हणजे घरचं नेट बंद केलं की त्याचं पण बंद, अन् गुगलच्या फॅमिली लिंकवर लेकराचं वेगळं खातं काढून, ज्यात रोजची वेळ मोठी माणसं ठरवतात अन् कोणतं पण अ‍ॅप टाकायला त्यांची परवानगी लागते.

डोळ्याचं निघालंच म्हणून सांगतो. ब्लू कट, म्हणजे स्क्रीनचा निळा उजेड अडवणारे ग्लास अन् चष्मे लोक लेकरांसाठी म्हणून मागतात. मी पण विकले आहेत. कॉक्रेन म्हणून एक संस्था आहे, जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासते, त्यांनी २०२३ मधे असल्या चष्म्यांचे अभ्यास तपासले तर स्क्रीनमुळं डोळ्यावर येणारा ताण त्यानं कमी होतो असं काही दिसलं नाही, निदान थोड्या दिवसांच्या वापरात तरी. लेकराच्या डोळ्याला ज्याचा उपयोग होतो हे बऱ्याच देशात दिसलंय ते म्हणजे उजेडात बाहेर असणं. तैवाननं २०१० पासून शाळेच्या मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायचा कार्यक्रमच सुरू केला, लांबचं नीट न दिसायचं, म्हणजे मायोपियाचं प्रमाण फार वाढलं म्हणून. गुरुजींच्या अंगणात लिंबाची सावली आहे, फुकट आहे.

शेवटी निवडला तो घरात आधीपासून असलेला टीव्ही. ३२ इंची, जुना, स्मार्ट पण नाही. स्मार्ट नाही हे यावेळी कामाला आलं. मागं पेनड्राईव्हची जागा होती. टीव्ही लांबून बघायचा, सगळ्यांना दिसतो, कुणी हातात घेऊन पळू शकत नाही, अन् पेनड्राईव्हमधे चार व्हिडिओ टाकले की चारच लागतात, पाचवा येत नाही. फक्त रिपीट बंद करायचं लक्षात ठेवायचं. एक गोष्ट मात्र मी पहिल्याच दिवशी करायला लावली. टीव्ही लोखंडी पेटीवर नुसता ठेवलेला होता, लेकरू पेटीला धरून उभं राहतं, ओढला असता तर अंगावर आला असता. स्टँड आणून भिंतीला पक्का केला. अन् घरात लाइटच्या माळेचा एक चपटा रिमोट पडला होता, त्यात नाण्यासारखा गोल सेल असतो, तो लेकरानं गिळला तर दोन तासात अन्ननलिका आतून भाजू शकते, तो रिमोट तिथून काढूनच टाकला. सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता दवाखाना गाठायचा, हे प्रत्येक घरानं लिहून ठेवावं.

आता पेनड्राईव्हमधे टाकायचं काय. इथं आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला अन् मला वाटतं सगळ्यात चांगलं काम पण इथंच झालं. वहिनी म्हणल्या, "भाऊजी, हा इंग्रजीत रंग सांगतो, वन टू थ्री टेनपर्यंत म्हणतो, पण तहान लागली की माझा हात धरून माठापाशी नेतो, पाणी दे म्हणत नाही." सांगताना त्यांचा आवाज भरून आला. त्यांना पतसंस्थेतल्या बायका म्हणायच्या, आईनं नोकरी केली की असंच होतं. मला या बोलण्याची चीड येते. ती बाई सकाळी पाचला उठते, तिच्या पगारावर घराचा हप्ता जातो.

लहान लेकरं, विशेष करून अडीच-तीन वर्षांपर्यंतची, स्क्रीनवरून जेवढं शिकतात त्यापेक्षा समोरच्या जित्या माणसाकडून कितीतरी जास्त शिकतात, हे बऱ्याच अभ्यासात परत परत दिसलंय. लेकरू बोललं तर माणूस उत्तर देतं, व्हिडिओ देत नाही. अन् फार पटापट चित्र बदलणारं कार्टून हा वेगळा विषय, अमेरिकेत २०११ मधे चार वर्षांच्या ६० मुलांवर एक छोटा प्रयोग झाला, नऊ मिनिटं तसलं वेगवान कार्टून बघितलेल्या मुलांना लगेच नंतर दिलेली लक्ष लावायची, थांबून विचार करायची कामं बाकीच्या मुलांएवढी जमली नाहीत. प्रयोग लहान होता हे खरं, पण घरात आपण जे बघतो त्याच्याशी जुळतं. म्हणून आमची चाचणी साधी ठेवली, व्हिडिओ संपल्यावर लेकरू काय करतं ते बघायचं. त्यातलं काही करून बघायलं, कुणाला सांगायलं, तर ठेवायचा. नुसतं "अजून" म्हणून किंचाळलं तर काढायचा.

घरच्यांनी स्वतःच व्हिडिओ केले. वाळूजवरून बापानं रूमवर बसून पाच-पाच मिनिटांच्या गोष्टी सांगून पाठवल्या, कावळा-चिमणी, म्हातारी अन् भोपळा, हातात खरा भोपळा घेऊन, मित्रानं शूट केलं. वहिनींनी शेजारची गाय, वासरू, पाण्याचा हौद, नळाला पाणी आलं की घागरी भरायची गडबड असलं चार-चार मिनिटांचं काढलं, आवाज त्यांचाच, "ही बघ कपिला, कपिला काय खायली? कडबा खायली." गुरुजींनी खडूनं फळ्यावर बैल काढला, हळूहळू, रेघ रेघ, तो सहा मिनिटांचा व्हिडिओ लेकरानं किती वेळा बघितला असंल मोजता येणार नाही. ते बघून अंगणात खडू घेऊन बसायला लागलं. यूट्यूबवरचे व्हिडिओ डाऊनलोड करून पेनड्राईव्हमधे कोंबायचे असतात लोकांना, ते यूट्यूबच्या नियमात बसत नाही अन् गरज पण पडली नाही.

पुस्तकांसाठी स्टोरीवीव्हर ही वेबसाइट, प्रथम बुक्सनं २०१५ ला सुरू केलेलं, मराठी गोष्टी भरपूर अन् फुकट, छापून घ्यायला पण परवानगी आहे. आठ गोष्टी शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत छापून घेतल्या, स्पायरल मारलं. रीड अलाँग अ‍ॅपमधे पण मराठी आहे पण ते वाचायला लागलेल्या मुलांसाठी, पाच वर्षांच्या पुढं बघू म्हणलं.

मग वेळा. सकाळी भाकरीच्या वेळेला टीव्ही ठेवला, वीस-पंचवीस मिनिटं, त्याबद्दल काकूंनी अजिबात वाईट वाटून घ्यायचं नाही असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं, तापलेल्या तव्यापेक्षा ते कितीतरी बरं. पाट टीव्हीपासून सहा फुटावर, तिथंच बसायचं. दुपारी स्क्रीन पूर्ण बंद, त्याऐवजी मेमरी कार्डवाला छोटा स्पीकर, हजाराच्या आत आला. त्यात काकूंच्या जात्यावरच्या ओव्या, वहिनींनी गुपचूप रेकॉर्ड केलेल्या, अन् बापाच्या गोष्टी नुसत्या आवाजात. अंधार केलेल्या खोलीत आवाज लहान ठेवून लावायचा. काकूंना स्वतःचा आवाज ऐकून आधी लाज वाटली, पण लेकरू तिसऱ्या दिवशी ओवी चालू असतानाच झोपलं अन् त्या पण झोपल्या. हेडफोन मात्र नको म्हणलं, एवढं लहान लेकरू आवाज केवढा झाला ते सांगू शकत नाही. संध्याकाळी साडेसहाला बापाचा व्हिडिओ कॉल पक्का केला, त्याची चहाची सुट्टी तेव्हाच असते. त्यात बाप नुसता "काय केलास, जेवलास का" नाही विचारायचा, तर चमचा दाखवायचा, लेकरू पळत जाऊन घरातला चमचा आणायचं, मग वाटी, मग पोळपाट.

जेवण सगळ्यात अवघड गेलं. पहिल्या दिवशी दूध-भाकरीचे दोन घास. दुसऱ्या दिवशी ताटाला लाथ. काकू रडायल्या, गुरुजींना म्हणल्या तुमच्या विद्यार्थ्यानं लेकरू उपाशी मारायचं ठरवलंय. मला फोन आला तेव्हा माझा पण धीर सुटलेला, वजनाचं काय, आजारी पडलं तर. वहिनींनीच धरून ठेवलं, म्हणल्या आठ दिवस बघू, भूक लागंल तेव्हा खाईल, मागं लागायचं नाही. अन् तेव्हाच गुरुजींनी अंगणवाडीचं काढलं. तीन ते सहा वर्षांच्या लेकरांना तिथं गरम ताजा आहार असतो, लेकरू पहिल्या दिवशी रडलं, तिसऱ्या दिवशी दहा-बारा लेकरांच्या ओळीत बसून खिचडी स्वतःच्या हातानं खाल्ली, अर्धी सांडली. काकूंनी खिडकीतून बघितलं. घरी येऊन कुणाला काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवसापासून सकाळी दहाला त्याच त्याला तयार करायला लागल्या.

बोलण्याचं फक्त मोबाईलवर टाकून गप्प बसायचं नाही, असं मला वाटत होतं अन् मी काही डॉक्टर नाही, म्हणून परभणीला बालरोगतज्ज्ञांकडं पाठवलं. त्यांनी आधी कानाची तपासणी करायला लावली, ऐकू येत नसलं तरी लेकरू असंच वागतं. कान चांगले निघाले. तीन महिने घरात भरपूर बोला, फरक नाही पडला तर स्पीच थेरपी, असं सांगितलं. अंगणवाडीतल्या लेकरांची वर्षातून दोनदा तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम करते, २०१३ पासून, अन् असा काही प्रश्न निघाला तर जिल्हा रुग्णालयातल्या केंद्रात फुकट पाठवतात, हे गुरुजींना माहीत होतं, वहिनींना नव्हतं. अंगणवाडीचा हा पण एक फायदा झाला.

जे फसलं ते पण सांगतो. गुरुजींच्या फोनवर यूट्यूब किड्स टाकून दिलं होतं, रविवारसाठी, "फक्त मंजूर केलेलं" या सेटिंगवर, शोधायचं बंद, ऑटोप्ले बंद, आतला टायमर वीस मिनिटांवर. सुट्टीत जिंतूरहून आतेभाऊ आला, चौथीतला. सेटिंग उघडायला ते गुणाकार विचारतं, मोठ्या माणसांसाठी म्हणून. त्यानं दोन सेकंदात केला, सगळं उघडलं अन् दोघं दोन तास माळवदावर. गुरुजींना राग पण आला अन् पोराचे पाढे पाठ आहेत म्हणून बरं पण वाटलं. मग स्वतःचा चार आकडी पासकोड टाकला अन् अ‍ॅप पिन करून द्यायला शिकवलं, त्यात पिन नंबर टाकल्याशिवाय दुसरीकडं जाताच येत नाही.

रविवारचा बाप हा दुसरा प्रश्न. आठवड्यातून एक दिवस येतो, लेकरू मागंल ते देतो, फोन पण देतो. त्याला कुणी रागावलं नाही, वहिनींनी फक्त वही दाखवली, सोमवारची किरकिर बाकीच्या दिवसाच्या दुप्पट. त्यानंतर तो रविवारी लेकराला नदीवर न्यायला लागला, पण सगळ्याच रविवारी नाही. अन् गुरुजी स्वतः रात्री लेकराशेजारी पडून बातम्या बघायचे, ते बंद व्हायला मार्च उजाडला. झोपायच्या आधी तासभर कुणाचाच स्क्रीन खोलीत नको हे ठरलंय, आठवड्यातले चार-पाच दिवस पाळलं जातं.

एप्रिल-मे मधे सगळं परत ढासळलं. अंगणवाडी सकाळी लवकर सुटायची अन् आपल्याकडचं ऊन, पारा ४२-४३ ला गेला की अकरा ते पाच लेकरू बाहेर काढता येत नाही, पत्रा तापलेला, त्यात लाइट गेली की कूलर बंद. त्या दिवसांत स्क्रीन दीड तासावर गेला अन् मी म्हणलं जाऊ द्या. एवढंच बघा की चार्जिंगला लावलेला फोन लेकराच्या हातात नको, फोन साधारण ३५ डिग्रीपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आपल्याकडं मे मधे घरातच त्याच्या वर जातं, दुकानात दर उन्हाळ्यात फुगलेल्या बॅटऱ्या येतात. काकूंनी परातीत पाणी अन् दोन गिलास देऊन तास तास काढला, कणकेचा गोळा दिला, ओल्या मातीचे बैल केले. चिंचोके मात्र मी काढायला लावले, नाकात-घशात जातात.

मे अखेरला वही परत पाच दिवस लिहिली. रोजची सरासरी ५५ मिनिटं, नोंदी ११, त्यातल्या आठ ठिकाणी "संपला म्हणून उठला". परभणीला परत दाखवलं, डॉक्टरांनी तीन शब्दांची वाक्यं मोजली अन् थेरपीची सध्या गरज नाही म्हणले, सहा महिन्यांनी परत या. मोबाईल कमी केल्यामुळं की अंगणवाडीतल्या लेकरांमुळं की बापाच्या चमचा-वाटीमुळं, ते मला वेगळं करून सांगता येणार नाही. त्या दिवशी परतताना ते दुकानात आले, लेकरानं काउंटरवरचा डेमोचा टॅब बघितला, बोट लावलं, अन् मग माझ्याकडं वळून म्हणलं, "मामा, पानी दे." वहिनींनी तोंड दुसरीकडं केलं.

आता जून लागलाय, नर्सरी सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज तीन व्हिडिओ यायलेत, घरी दाखवा अन् मुलाचा बघतानाचा फोटो टाका म्हणून. गुरुजींनी वही काखेत मारली अन् काल सकाळच्या एसटीनं मॅडमला भेटायला गेले. टॅबचे पैसे अजून त्यांच्या पाकिटात तसेच आहेत.